धाकट्या झारीची तोटी

४ फेब्रुवारी

झाऱ्या आल्या. पांढऱ्यावर निळी नक्षी, चिनी मातीच्या, इतक्या जुन्या की माझ्या पणजीच्या पणजीलाही त्या जुन्याच वाटल्या असत्या. संग्रहालयाची प्रमुख स्वतः गाडीत मांडीवर घेऊन आली. ही पोर एके काळी माझ्या हाताखाली शिकली. आता तिच्या हाताखाली कितीतरी माणसं आहेत, पण माझ्यासमोर अजून उभीच राहते. मी तिला शिष्या म्हणते. तिला ते आवडतं, निदान आवडत असावं.

जोडी आहे. नासपतीसारखं गोलसर पोट, वर निमुळता गळा, एका बाजूला पट्टीसारखी चपटी मूठ आणि दुसऱ्या बाजूला हंसाच्या मानेसारखी वळलेली लांब तोटी. तोटी मोडू नये म्हणून तिच्यात आणि गळ्यात ढगाच्या आकाराचा एक इवलासा पूल. पोटावर फळांनी लगडलेली फांदी, गळ्याभोवती उभी पानं. झाकणं केव्हाच हरवली. मुठीवरच्या साखळीच्या कड्या तेवढ्या उरल्यात.

एक अखंड आहे, ती थोरली. धाकटीची तोटी कधीतरी मोडली आणि कुणा शहाण्यानं तिथं पितळेची नळी ठोकून दिली. देखण्या बाईनं सोन्याचा दात बसवून घ्यावा तशी दिसते बिचारी. पितळ काढायचं आणि थोरलीच्या तोटीवरून नवी तोटी करून द्यायची, हे माझं काम. महिनाअखेर नाही, पुढच्या महिन्याच्या अखेरीस नवं दालन उघडणार आणि ही जोडी त्याच्या मधोमध.

मी सांगून टाकलं, "शेजारी ठेवल्यास तर दुरुस्त कुठली ते तुलाही कळणार नाही."

"तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच," शिष्या म्हणाली.

हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आधी काम, मग दवंडी."

नोकरी संपल्यावर पुढच्या खोलीत स्वतःची कार्यशाळा थाटली, त्याला दोन वर्षं झाली. आतापर्यंत बशा, फुलदाण्या आणि एक कान तुटलेला चिनी मातीचा कुत्रा. हे पहिलं खरं काम. मला भीती वाटत नाही. थोडी वाटावी, असं वाटतं, पण वाटत नाही.

९ फेब्रुवारी

पितळ निघालं. जुना चिकटा चार दिवस द्रावणाच्या बोळ्यांनी भिजवत ठेवला होता. सून म्हणत होती, अजून एक दिवस थांबू या. मी म्हटलं, माझ्या बोटांना कळतंय. हलकेच पिळलं आणि नळी दाढेसारखी हातात आली. धाकटीला ओरखडासुद्धा नाही.

सुनेबद्दल लिहायला हवं. ती पूर्वी कापडाच्या गिरणीत रंगांच्या छटा जुळवायची. गिरणी बंद पडली, तेव्हा मीच म्हटलं, घरात बसून काय करतेस, ये माझ्यासोबत. हुशार आहे, हात स्वच्छ आहे, बोलते कमी. रंग कालवून वाट्या भरून ठेवते, मी बसते आणि रंगवते. पण या कामाचे रंग मीच कालवणार, असं तिला आज सांगितलं. कापड वेगळं आणि चिनी माती वेगळी.

"आई, निदान नमुन्याचे ठिपके तरी मी काढून देते," म्हणाली.

"काही नको," म्हटलं. तिचं मन मोडलं असेल. पण शिकणाऱ्यानं थोडं मन मोडून घ्यायलाच हवं.

१७ फेब्रुवारी

थोरलीच्या तोटीचा साचा घेतला, त्यात राळ ओतली आणि नवी तोटी बाहेर काढली. बारीक कानशीनं घासून धाकटीवर बसवली. सांधा नखाला लागत नाही. पूल तर असा जमलाय की मी दोनदा उठून आरशात स्वतःकडे बघून आले. हे म्हणाले, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, हुशार बाई कशी दिसते ते बघितलं."

आणखी एक सुखाची गोष्ट. माझी चाळशी सुटली. गेलं वर्षभर जवळचं सगळं मला चष्म्याशिवाय लख्ख दिसतं. काल सुईत दोरा पहिल्याच फटक्यात. या वयात लोकांचे डोळे जातात, माझे परत येतायत.

मात्र बाजारात चांगला दिवा मिळत नाही. मेजावरचा दिवा पुन्हा बदलला, तरी उजेड आपला मळकटच. आणि रंगाऱ्याला कार्यशाळेच्या भिंती पांढऱ्या सांगितल्या होत्या, त्यानं सायीचा रंग फासून ठेवलाय. आज त्याला बोलावून सुनावलं. तो डबा घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, पांढऱ्यापेक्षा पांढरा मी कुठून आणू?" सुनेनं त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं आणि चहा पाजून वाटेला लावलं. ती फार मऊ आहे. अशानं लोक डोक्यावर बसतात.

२३ फेब्रुवारी

रंगकाम सुरू केलं. माझा रंग फक्त नव्या तोटीवर. जुन्या अंगावर ठिपकाही पडू द्यायचा नाही, आणि जो लावायचा तोही उद्या कुणाला पुसता येईल असा. हे मी शिष्येला शिकवलं, सुनेला शिकवलं, स्वतः कधी मोडलं नाही.

निळ्या रंगाच्या नळ्या भेसळीच्या आहेत. जोरच नाही त्यांच्यात. कालवताना आणखी, आणखी करत गेले तेव्हा कुठे थोरलीच्या निळ्याला पोचले. शेवटी असा जुळला की कुठे जुनं संपतं आणि कुठे नवं सुरू होतं, ते मलाच कळेना.

सुनेला हाक मारली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आई, पानांची वळणं फार सुंदर आलीत."

"आणि रंग?"

"उद्या खिडकीशी नेऊन बघू या का?"

खिडकीशी नेऊन काय वेगळं दिसणार? तिला स्वतःचं मत ठामपणे मांडता येत नाही. यावर मला काम करायला हवं.

१ मार्च

कसं लिहू कळत नाही. संताप आहे आणि त्याखाली दुसरंही काहीतरी आहे.

दुपारी जेवून अंग टाकलं, उठून कार्यशाळेत गेले. मेजावर सगळं जागच्या जागी. धाकटी उचलली आणि बघते तर तोटीवरची पानं माझी नाहीत. रंग तोच. अगदी तोच. पण मी पानाचं टोक उचलून घेते, कुंचला वर जाता जाता सुटतो. ही टोकं दाबून थांबवलेली होती. गिरणीतल्या कापडावर काढतात तशी.

म्हणजे मी झोपले असताना तिनं माझं काम पुसलं आणि आपलं रंगवलं. कशासाठी? रंग जर तोच, तर कशासाठी? उत्तर एकच. दालनात झारी उभी राहील तेव्हा तिच्यावर हात आपला असावा. मऊ माणसं अशीच असतात. तोंडानं हो हो आणि हातानं आपलंच.

२ मार्च

तिला विचारलं. ती नाही म्हणाली नाही.

"रंग जुळत नव्हता, आई."

मी धाकटी तिच्यासमोर धरली. "परवाचा माझा आणि आजचा तुझा. काय फरक आहे? सांग."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण फरक सांगितला नाही. सांगण्यासारखा नव्हताच. मी म्हटलं, काम पुरं होईपर्यंत कार्यशाळेत पाऊल टाकायचं नाही. ती "बरं" म्हणाली आणि वाट्या धुऊन, पुसून, पालथ्या घालून गेली.

मुलगा ताटावर बसला तो माझ्याकडे न बघता उठला. मग ह्यांच्यापाशी मी मन मोकळं केलं. म्हटलं, "बाहेरच्या शत्रूशी लढता येतं हो. ही घरातच झारीतला शुक्राचार्य होऊन बसली."

हे म्हणाले, "शुक्राचार्य तोटीत अडून बसला, तेव्हा काडी लागून त्याचा डोळा गेला होता. आठवतंय ना?"

"मग?"

"मग काही नाही. आपल्या घरात डोळा कुणाचा, ते एकदा तपासून घ्यावं म्हणतो."

मला हा विनोद आवडला नाही. माझे डोळे सुईत दोरा ओवतात. मी तोंड फिरवून झोपले.

९ मार्च

सगळं पुसून मी पुन्हा रंगवलं. एकटीनं. कार्यशाळेत फार शांत वाटतं. पूर्वीही ती बोलायची नाहीच, पण ते न बोलणं वेगळं होतं.

काम उत्तम झालंय. उद्या शिष्या बघायला येणार. पसंत पडलं तर लगेच घेऊनच जा, म्हणून सांगितलंय.

१० मार्च

जांभळी.

११ मार्च

काल पुढे लिहवलं नाही. आज लिहिते.

शिष्या आली, सोबत गाडीचा चालक खोकी घेऊन. मी दोन्ही झाऱ्या मखमलीवर मांडून ठेवल्या होत्या. ती समोर उभी राहून थोरलीकडून धाकटीकडे, धाकटीकडून थोरलीकडे बघत राहिली. मला वाटलं, गहिवरली. मग म्हणाली, "आकार काय जमलाय. पूल तर..." आणि थांबली. मग विचारलं, "सूनबाई कुठे आहेत?"

"तिला बरं नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात चालक आत आला. भला माणूस. दोन्हींकडे बघून त्यानं विचारलं, "आधी कुठली भरू, साधी का जांभळ्या तोटीची?"

मी हसायला लागले, कारण मला वाटलं तो थट्टा करतोय. पण शिष्या जमिनीकडे बघत होती. दारात हे उभे होते, तेही जमिनीकडेच बघत होते.

"जांभळी?" मी विचारलं.

तो बिचारा घाबरला. "म्हणजे निळीच, पण आपली, ते कपड्यांना घालायची नीळ सांडल्यासारखी. मला काय कळतंय बाई."

त्याला सगळं कळत होतं. ज्याला डोळे आहेत अशा प्रत्येकाला कळत होतं. शिष्या म्हणाली, "आपल्याकडे अजून वेळ आहे, ताई. घाई नाही." कामावरून गेलेल्या माणसाशी बोलतात, त्या आवाजात.

ती गेल्यावर मी धाकटीकडे खूप वेळ बघितलं. मला ती निळी दिसते. अजूनही निळीच दिसते. याची मात्र भीती वाटली. मनापासून वाटली.

१३ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण आहेत आणि फार फटकळ. मला बरं वाटलं. गेल्या काही दिवसांत सगळे माझ्याशी शब्द उशीवर ठेवल्यासारखे बोलतायत.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी भिंगाचा मधला भाग पिवळा पडतो, मग तपकिरी. "चहाच्या रंगाची काच डोळ्यांत बसवून फिरताय तुम्ही," म्हणाल्या. पिवळ्या काचेतून निळा अर्धा गिळला जातो. त्यामुळे दोन निळ्यांतला फरक दिसत नाही.

मी सुईदोऱ्याचं सांगितलं. त्या हसल्या. "हाच तर त्याचा लबाडपणा. जवळचं थोडे दिवस छान दिसतं, मग माणूस निर्धास्त राहतो."

"किती दिवसांपासून असेल?"

"एवढा पिकलाय म्हणजे दोन-तीन वर्षं सहज."

घरी येताना ह्यांनी माझा हात धरला. एरवी मी धरू देत नाही. मी एकच हिशोब करत होते. दोन-तीन वर्षं म्हणजे कार्यशाळेचं पहिल्यापासूनचं सगळं काम. सगळ्या बशा, फुलदाण्या, तो कुत्रा. लोकांच्या कपाटांत माझी जांभळी ठिगळं मिरवत असतील आणि लोक भिडेपोटी गप्प असतील.

मंगळवारी पहिला डोळा.

१९ मार्च

काल पट्टी काढली.

भिंती पांढऱ्या आहेत. रंगाऱ्याची माफी मागायला हवी. ह्यांचा सदरा, जो मी वर्षभर मातकट समजत होते, तो राखाडी आहे. ह्यांचे केसही मला वाटले होते त्याहून पांढरे आहेत, पण ते मी बोलले नाही.

धाकटी बघितली. चालकानं कमीच सांगितलं होतं. शाळेतली दौत उपडी झाल्यासारखी तोटी. मी ती पाहिली आणि मला हसू आलं, मग रडू, आणि डॉक्टरांनी रडायचं नाही असं सांगितलेलं, म्हणून पुन्हा हसू.

मग थोरली हातात घेतली. मी निळा निळा म्हणत होते, तो एक नाहीच. फांदीवर करडा, पानांत गडद, आणि रंग जिथे साचलाय तिथे जवळजवळ काळे ठिपके, झिलईत किंचित रुतलेले. झिलईही पांढरी नाही, तिच्यात पाण्यासारखी हिरवट-निळी झाक. शिष्येनं पहिल्या दिवशी ते सांगितलं होतं आणि मला वाटलं, पुस्तकातलं बोलते.

शेजारच्या बाईंकडे जाऊन मी दुरुस्त केलेली त्यांची बशी बघून आले. निर्दोष. मग ओळखीच्या दुसऱ्या घरची फुलदाणी बघितली. तीही निर्दोष.

घरी येऊन पायरीवर बसले. त्या कामांचे रंग मी कालवले नव्हते. मी आपली रंगवत होते आणि कुणीतरी मला रोज सकाळी बरोबर निळा वाटीत भरून देत होतं.

ह्यांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"सूनबाईनं सांगितलं होतं. मी म्हणत होतो, आईला सांगून टाकू. ती म्हणायची, थांबा, आईंना रंग दिसत नाही हे कळलं तर त्या कुंचलाच खाली ठेवतील."

ठेवला असता. माझ्यासारख्या बाईनं नक्की ठेवला असता.

२० मार्च

सुनेच्या खोलीचं दार वाजवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं ठरवून गेले होते, आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "कार्यशाळेत ये."

"तुम्ही तर..."

"ते मी म्हटलं होतं. आता हे म्हणतेय. मी तुला चोर ठरवलं. माझी चूक झाली."

तिनं हातातली घडी पुरी केली, बाजूला ठेवली. "वाट्या धुवाव्या लागतील. धूळ बसली असेल," म्हणाली आणि माझ्या आधी निघाली.

द्रावणाच्या वासाजवळ जायची मला मनाई आहे. म्हणून मी खिडकीशी खुर्ची टाकून बसले आणि तिनं माझी तोटी पुसली. जांभळा बोळ्यांवर उतरत गेला. वाईट वाटेल असं वाटलं होतं. पण दुखरी दाढ निघावी तसं हलकं वाटलं.

२४ मार्च

तिनं निळा कालवला, राळेच्या तुकड्यावर ठिपका काढला आणि सवयीनं माझ्यापुढे धरला. मीही सवयीनं "छान" म्हणणार होते.

पण थोरली शेजारी ठेवली. एक डोळा मिटला, मग दुसरा. जुन्या डोळ्याला दोन्ही सारखे. नव्या डोळ्याला नाहीत.

"हिरवा किंचित जास्त झालाय," मी म्हटलं. आत्ता आत्तापर्यंत आंधळी होते, आणि लागले शिकवायला.

ती ठिपका घेऊन खिडकीशी गेली. परत आली. पुन्हा गेली. मग तिथेच पाठमोरी उभी राहिली. खांदे हलत होते, तेव्हा कळलं की रडतेय.

"अगं, थेंबभर म्हटलं मी. एवढं काय त्यात."

"बरोबर आहे तुमचं. हिरवा जास्तच आहे." तिनं पदरानं डोळे पुसले. "दोन वर्षं मी कालवायची आणि तुम्ही छान म्हणायचात, आई. मग एकदा मी मुद्दाम चुकीचा कालवून दिला. तरी तुम्ही छानच म्हणालात. त्या दिवशी मला कळलं. तेव्हापासून चुकले तर सांगणारं कुणी नव्हतं. रोज वाटायचं, आज माझं चुकलं तर ते तसंच जाणार लोकांच्या घरी."

मी माझाच एकटेपणा मोजत बसले होते.

म्हटलं, "बस इथे. आता चुकून दाखव, मी सोडते का बघ."

३१ मार्च

दालन उघडलं. तोटीवरचा निळा तिनं कालवलेला, पानंही तिनंच काढली. टोकं मात्र मी तिला उचलून घ्यायला लावली. तीन दिवस कागदावर गिरवून घेतली. शिष्येनं दोन्ही झाऱ्यांभोवती फेरी मारली आणि या वेळी जमिनीकडे बघितलं नाही. तिनं भाषणात माझं नाव घेतलं, तेव्हा मी सुनेला ढकलून पुढे उभं केलं. ती लाजून माझ्या मागे येऊ बघत होती, पण मी काही जागा दिली नाही.

दुसरा डोळा पुढच्या आठवड्यात. शिष्येकडे एक तबक आहे, आठ तुकड्यांत. ते आम्हा दोघींना हवंय, असं कळवलं. हो, दोघींना.

परत येताना बसमध्ये मी म्हटलं, "खालच्या पानाचा निळा अजून अर्धा थेंब करडा चालला असता."

सून म्हणाली, "नाही आई. होता तोच बरोबर."

"तुला दालनातल्या दिव्यांत तसा वाटतोय."

"तुम्हाला एका डोळ्यानं तसा वाटतोय."

पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. आम्ही आवाज खाली आणला, मुद्दा नाही. घर आलं तरी एकमत झालं नव्हतं. ह्यांनी दार उघडलं, दोघींच्या तोंडांकडे पाहिलं आणि धास्तावून विचारलं, "पुन्हा भांडलात?"

"हो," आम्ही दोघी एकदम म्हणालो.